हितसंबंध नाही

३ जानेवारी १८७१, मंगळवार. डोव्हर.

शेवटचा! सभागृहात सदस्य एकवीस आणि मी एकविसावा. कारकून नावं वर्णानुक्रमाने पुकारतो, आणि वूटनच्या पुढचं आडनाव यंदा डेलावेअरने निवडून दिलेलं नाही. वीस जणांनी हात ठेवून उबदार केलेल्या बायबलवर मी शपथ घेतली. तेवढा एक फायदा — बाहेर बर्फ आहे.

बाक दोघांचं. माझ्या वाट्याला कोपरा, कारण उरलेल्या बाकावर केंट जिल्ह्याचा ट्रस्टन हफिंग्टन पसरलेला असतो. चौथ्यांदा निवडून आलेला माणूस.

"नाव काय म्हणालात? मायनस? म्हणजे उणे?"

म्हटलं, बापाने एका ग्रीक राजाचं नाव ठेवलं होतं, आमच्या ससेक्स जिल्ह्याच्या जिभेवर ते उणं झालं.

"आणि पोटापाण्याला?"

आधी बारा वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं, आता पीचची बाग आहे.

"मग मी मास्तरच म्हणतो. एखाद्याला तोंडावर उणं म्हणणं बरं दिसत नाही."

दोघांचाही मुक्काम मिसेस कॉलस्कॉट यांच्या खाणावळीत. रात्री पाणउंदराचं कालवण होतं, इकडचं हिवाळ्याचं जेवण. कांदा कमी पडला.

१९ जानेवारी

आज एक शोध लागला. माझं नाव येईपर्यंत निकाल लागलेला असतो. अकरा 'होय' कधीच पडून गेलेले असतात आणि लोक टोप्या शोधू लागतात. माझं मत मी टोप्यांना देतो.

खात्री करावी म्हणून आज सगळ्यांच्या पसंतीच्या एका विधेयकाला "नाही" म्हणून पाहिलं. कारकुनाने मान वर न करता लिहून घेतलं. ट्रस्टन म्हणाला, "मास्तर, खोकलास का?"

जुन्या पद्यात मात्रा भरण्यापुरते काही शब्द घालतात. अर्थ काही नाही. नसले तर ओळ लंगडते, इतकंच. पादपूरण म्हणतात त्याला. ससेक्सच्या मतदारांनी डोव्हरला एक पादपूरण पाठवलं आहे.

२ फेब्रुवारी

जिल्ह्याच्या साप्ताहिकाने 'डोव्हरचं पत्र' लिहायला सांगितलं आहे. सही ठरवली — 'एकविसावा'. माझी बायको लीआ असती तर म्हणाली असती, घरीही जेवायला तुम्ही शेवटीच येत होता. तीन वर्षं होतील तिला जाऊन.

६ मार्च १८७३, गुरुवार

माझ्या कारकिर्दीतला पहिला पराक्रम — आणि त्याचा आनंद होत नाही.

कालवांच्या खाजणांचं विधेयक होतं. ट्रस्टनच्या कालवं धरायच्या तीन होड्या आहेत. मी उभा राहून एकोणिसावा नियम वाचून दाखवला: ज्या सदस्याचा प्रस्तुत विषयात खाजगी हितसंबंध असेल, त्याने मत देऊ नये. स्पष्ट उच्चारात वाचला. शाळेची सवय.

ट्रस्टन मानेपर्यंत लाल झाला आणि मत न देता बसून राहिला. विधेयक एका मताने पडलं. माझ्या मताला जे दोन वर्षांत जमलं नाही, ते माझ्या वाचनाने केलं.

जेवताना पाव माझ्याकडे सरकवत म्हणाला, "बायकोने विचारलं तर काय सांगू? व्याकरणाने मारलं म्हणून सांगतो." मग — "नियम बरोबर आहे रे, मास्तर. फक्त तो वाचताना तुझा आवाज फार खुशीत होता."

खरं आहे. होता.

१० फेब्रुवारी १८७५

पीचच्या टोपलीचं माप ठरवणारं माझं विधेयक मंजूर. चार वर्षांची कमाई: एक टोपली.

९ नोव्हेंबर १८७६, गुरुवार. जॉर्जटाउन.

पडलो. एकेचाळीस मतांनी.

आज निकालाचा दिवस. रीतीप्रमाणे जिंकलेला आणि हरलेला एका गाडीत बसून चौकाला फेरी मारतात आणि हसतात. माझ्या शेजारी लोफलंड, नवे सदस्य. त्यांनी घोड्यांच्या टापांवरून ओरडून विचारलं, "काही सल्ला?" म्हटलं, तुमचं आडनाव यादीत मधोमध येतं. तुमच्यावर जबाबदारी यायची शक्यता आहे, जपून राहा. ते हसले. विनोद आहे असं वाटलं त्यांना.

चौकात अख्खा बैल भाजत होते. तिथे झिपोरा मेसिक भेटली. आमची कुंपणं एक आहेत. तिची बाग बापाकडून आलेली, लेव्हिन मेसिक हा नवरा मात्र तिचा तिनेच निवडलेला — असं तीच म्हणते, दुसऱ्या कोणाच्या आधी. पावात मांस घालून तिने माझ्या हातात ठेवलं.

"वाईट वाटून घेऊ नका, मास्तर. तुमच्या झाडांचं भलं झालं. सहा वर्षांत कोणी कात्री लावलेली नाही. माझ्या बाजूने बघायला लाज वाटते."

पाव उजव्या हाताने दिला. डावं मनगट पुरतं वळत नाही. 'पडले होते' असं सांगते. ती पडली तेव्हा लेव्हिन घरी होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळे पडण्यावर विश्वास ठेवतात. मीही ठेवत आलो.

१५ ऑगस्ट १८७८, गुरुवार

लेव्हिन मेसिक आला होता.

दर दोन वर्षांनी येतो. पीच तोडायला माणसं जमलेली असतात, नेमकं तेव्हा. तिच्या ओसरीवर पाय पसरून बसला, टरबूज खाल्लं, बिया अंगणात थुंकला. ती कोठारात गेली आणि आतून आडणा घातला. मी टोपल्या घेऊन कुंपणाशी उभा होतो, तर मोठ्याने म्हणाला —

"काय मास्तर! आज तारीख काय?"

सांगितली.

"लक्षात ठेवा हं. पाहिलंत ना मला? घरी आलो होतो मी. कोणी विचारलं तर सांगा."

संध्याकाळच्या गाडीने परत गेला. उरलेली दोन वर्षं तो बाल्टिमोरला असतो, दुसऱ्या बाईबरोबर.

१६ ऑगस्ट

आज सगळं कळलं. ती रिकाम्या टोपल्या परत द्यायला आली आणि कुंपणापलीकडे उभी राहूनच बोलली.

नवऱ्याने सलग तीन वर्षं टाकलं, तर कोर्ट घटस्फोट देतं. सलग! लेव्हिन कायद्याला दोन वर्षांतून एकदा दर्शन देऊन जातो. ती कोर्टात गेली होती. न्यायाधीशाने विचारलं, मधे आला होता का? ती म्हणाली, आला होता, एक दुपार.

"खोटं बोलले असते तर सुटले असते, मास्तर. पण शपथ घेतली होती ना."

मग राहतं विधानसभेचं दार. कोर्टाला जे सोडवता येत नाही, ते विधानसभा खास कायदा करून सोडवू शकते. मागच्या अधिवेशनात तिने लोफलंडकडे अर्ज दिला होता. तो समितीतून बाहेरच आला नाही. विचारलं तर म्हणाले, गर्दीत राहिला.

"यंदा तुम्ही उभे राहा."

म्हटलं, झिपोराबाई, माझं मत सगळ्यांत शेवटी येतं. त्याचा कोणाला उपयोग नसतो.

"पण अर्ज तर सगळ्यांत आधी देता येतो ना?"

आठ वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

२२ सप्टेंबर

उभा आहे. दारोदार हिंडणं सुरू.

रविवारी दुपारी तिच्या स्वयंपाकघरातल्या मेजावर अर्जाचा मसुदा केला. तिची नणंद खिडकीशी विणत बसली होती — नवऱ्याची बहीण, पण अर्जाच्या बाजूची! मी वाचलं: "अत्यंत विनम्र, निराधार, दीर्घकाल दुःसह यातना सोसलेली..." झिपोराने हात वर केला.

"हे कोण?"

"आपण."

"मी निराधार नाही. चारशे झाडं आहेत माझी. आणि विनम्र तर तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मला घटस्फोट हवाय, मास्तर, सुंदर वाक्य नकोय."

सगळी विशेषणं काढली. जे उरलं ते वाचून दाखवलं. 'उजव्या हाताने तोडते, डाव्याने टोपली धरते. मनगट वळत नाही म्हणून टोपली गळ्यात अडकवते.' एवढंच. नणंद विणायची थांबली होती.

२३ सप्टेंबर

इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे ठेवता येत नाही.

एक्कावन्न वर्षांचा माणूस, दहा वर्षांचा विधुर, काल घरी येताना कुंपणाशी उभा राहून पलीकडच्या चुलीचा धूर बघत होता. बराच वेळ. मग कात्री आणली आणि उजेड होता तोवर तिच्या बाजूच्या फांद्या छाटल्या.

ती दुसऱ्याची बायको आहे. तिला हे ठाऊक नाही, ठाऊक होणारही नाही. आधी ती सुटू दे. मग बघू.

'मग बघू' — हे खोडायला हवं. खोडत नाही.

७ नोव्हेंबर

निवडून आलो. बारा मतांनी. चौकातल्या गाडीत या खेपेला लोफलंड हसत होते, मी नाही.

१५ जानेवारी १८७९. डोव्हर.

तोच बाक, तोच कोपरा. ट्रस्टन आणखी रुंद झाला आहे. "ये मास्तर! तू नव्हतास तेव्हा यादी लवकर संपायची. चुकल्यासारखं व्हायचं."

अर्ज पहिल्याच दिवशी दिला. घटस्फोटांच्या समितीत रोज जाऊन बसतो. तिथला कारकून मला खुर्ची समजू लागला आहे.

८ फेब्रुवारी

समितीतून बाहेर आला! विधेयकाचं नाव: 'झिपोरा मेसिक हिला लेव्हिन मेसिक याच्यापासून विवाहबंधनातून मुक्त करणारा कायदा'.

ट्रस्टन विरुद्ध आहे. मेथॉडिस्ट पंथाचा, पक्का. "देवाने जोडलेलं आपण एकवीस जणांनी तोडायचं? आपल्याला साधा गटार-कर धड ठरवता येत नाही!" मी मनगटाचं सांगितलं. तो म्हणाला, "वाईट वाटतं रे. पण मत वाईट वाटण्यावर देत नाहीत."

उठताना माझ्याकडे बघून — "एक विचारू? त्या अर्जातला एक स्वल्पविराम तू आठवड्यात चारदा बदललास. टोपलीच्या विधेयकात तर पूर्णविरामसुद्धा नव्हते."

पाय धुवायचं निमित्त काढून उठलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उद्या मतदान. दुपारभर कागदावर मतं मोजली. दहा होय, दहा नाही. आणि मी.

विधेयक समसमान मतांवर पडतं.

एकोणिसावा नियम तोंडपाठ आहे. 'खाजगी हितसंबंध असेल, त्याने मत देऊ नये.' मी उठून खरं सांगितलं तर बसावं लागेल आणि विधेयक पडेल. एवढ्यावर भागणार नाही. लोक म्हणतील, बाईला नवरा टाकायचा होता कारण शेजारी तयार होता. तिने तर शेजाऱ्याकडे टोपल्यांपलीकडे पाहिलेलंही नाही! पुढच्या अधिवेशनात तो अर्ज कोणी हातातही धरणार नाही. लेव्हिन तारखा विचारत येत राहील.

न सांगता मत दिलं, तर स्वतःला बायको मिळावी म्हणून कायदा केला असं होईल. टोपलीनंतरचा माझा दुसरा कायदा.

ट्रस्टनच्या तीन होड्या होत्या. त्या निदान सगळ्यांना दिसत होत्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो. शैली नको.

अकरा वाजता विधेयक आलं. कारकून पुकारू लागला. सभापतींचं नावही यादीत अक्षरावरच येतं, त्यांनी "नाही" म्हटलं. हफिंग्टन — "नाही." पंधरावं नाव झालं तरी कोणी टोपीला हात लावेना. विसावं नाव होय. दहा आणि दहा.

"श्री. वूटन."

मी उभा राहिलो. इतकी वर्षं त्या खोलीत उभा राहतोय. पण खोलीने माझ्याकडे पाहिल्याचं आठवत नाही. आज वीसच्या वीस तोंडं माझ्याकडे.

आणि शेजारून बाक करकरलं. ट्रस्टन उठला.

"अध्यक्ष महाराज, नियम एकोणीस. माननीय सदस्यांचा प्रस्तुत विषयात काही हितसंबंध आहे का, एवढंच विचारायचं आहे."

आवाज खुशीत नव्हता. हे लिहून ठेवायलाच हवं. माझा त्या दिवशी होता, त्याचा आज नव्हता. त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असताना न विचारणं त्याला जमत नव्हतं.

सभापती म्हणाले, "सदस्यांनी उत्तर द्यावं."

गॅलरीत कोणीतरी शेंगा सोलत होतं. मला तिचं कोर्टातलं वाक्य आठवत होतं — खोटं बोलले असते तर सुटले असते. ती नाही बोलली. शपथ तिने एकदाच घेतली होती. मी चारदा घेतली.

"हितसंबंध नाही."

मग म्हटलं, "होय."

अकरा-दहा. मंजूर. कारकुनाने मान वर करून पाहिलं, माझं नाव लिहिताना.

बाहेर पायऱ्यांवर ट्रस्टनने गाठलं. बर्फावर उभे होतो दोघे.

"खोटं बोललास, मास्तर."

"होय."

"शपथेवर."

"बोललो तेव्हा खोटं होतं. आता ते खरं करायचं."

त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "म्हणजे तू तिला कधीच —"

"कधीच विचारणार नाही. हितसंबंध नाही म्हटलं ना? मग नाही."

"मूर्खा! मी घटस्फोटाच्या विरुद्ध आहे. लग्नाच्या नाही!"

थंडी फार होती. आत गेलो. दुपारी कुत्र्यांवरच्या कराचं विधेयक होतं.

२१ फेब्रुवारी

साप्ताहिकाचं पत्र लिहिलं. "श्री. वूटन यांनी या विषयात आपला कोणताही हितसंबंध नसल्याचे निवेदन करून अनुकूल मत दिले." आठ वर्षांतलं माझं सगळ्यात शुद्ध वाक्य. व्याकरणाच्या दृष्टीने.

सही: एकविसावा.

१३ मार्च

वरच्या सभागृहातही मंजूर. ती सुटली.

ती सुटली! एवढंच आज लिहायचं. बाकीचं खरं आहे पण ते माझं आहे.

१७ एप्रिल. घरी.

पीच फुलला आहे. दोन्ही बागा एकाच गुलाबी रंगाच्या झाल्यात, मधलं कुंपण दिसत नाही. न दिसणाऱ्या कुंपणाच्या अलीकडे राहण्याचा सराव करतो आहे.

आज ती आली. उंबऱ्यावर झाकलेली बशी ठेवली, आत आली नाही.

"आभार मानायला आले."

म्हटलं, त्यात काय. शेजारधर्म.

"हो. वाचलं पेपरात." माझ्याकडे न बघता एप्रनला हात पुसत होती, हात कोरडेच होते. "तुमचा काही संबंध नाही, ते छापून आलंय. बरं झालं. तसं असलं की आभार मानायला सोपं जातं."

आणि गेली.

म्हणजे तिने ते वाक्य तसं वाचलं! वाक्यात दोष नाही. जसं लिहिलं तसंच वाचलं तिने. बारा वर्षं पोरांना हेच शिकवत होतो — लिहिलंय तेवढंच वाचा.

आणि तिने तसं वाचलं याचं तिला वाईट का वाटावं? हा प्रश्न इथे लिहून झाकून ठेवतो. त्याचं उत्तर काढायला मी मोकळा नाही.

बशीत पीचचं सारण भरून भाजलेला 'पाय' होता, मागच्या वर्षीच्या सुकवलेल्या फोडींचा. दोन दिवस पुरवला.

३० मे

रस्ता बदलला. गिरणीवर जायला आता खाडीकडून जातो. मैलभर लांब पडतं. खेचराला कारण कळत नाही. दर वेळी जुन्या वळणावर थांबतं आणि मागे वळून माझ्याकडे बघतं.

४ ऑगस्ट, सोमवार

लेव्हिन आला, वर्षभर आधीच! बातमी लागली असावी.

ओरडाआरडा ऐकून धावत गेलो. या खेपेला ती कोठारात गेली नव्हती. फाटकाशी उभी होती, हातात कायद्याची प्रत. त्याने ती घेतली, उलटीसुलटी केली. वाचता येत नाही त्याला, हे मला आजच कळलं.

"हे काय आहे, मास्तर? वाचा."

वाचलं. स्पष्ट उच्चारात, पहिल्या शब्दापासून राज्याच्या शिक्क्यापर्यंत. पीच तोडणारी माणसं शिड्यांवर थांबून ऐकत होती.

तो जुन्या सवयीने हसायला गेला — "आज तारीख काय?"

मी तोंड उघडायच्या आत झिपोरा म्हणाली, "तुला आता तारखेचं काम नाही, लेव्हिन. टरबूज हवं असेल तर बाजारात मिळतं."

गेला. शिडीवरून कोणीतरी शीळ घातली.

ती माझ्याकडे वळून काहीतरी म्हणणार होती. मी टोपीला हात लावला आणि निघालो. माझी टोपली तिथेच राहिली. कायदेशीर मापाची.

२१ ऑगस्ट

ओकच्या राईत मेथॉडिस्टांचं शिबिर. तंबू, घाम, भजनं, तळलेली कोंबडी. केंटहून ट्रस्टन सहकुटुंब आला आहे. त्याच्या तंबूला तीन खांब जास्त लागले.

दुपारच्या प्रवचनात मागे वळून पाहिलं तर तो झिपोराशेजारी बाकावर. तिला कोपरा! दोघांच्या हातात टरबुजाच्या फोडी. प्रवचन नरकावर होतं आणि ट्रस्टन बोटांवर काहीतरी मोजून सांगत होता. ती खायची थांबली होती.

संध्याकाळी त्याला गाठलं. काय बोलत होतास?

"टरबुजाबद्दल."

"अर्धा तास?"

"मोठं टरबूज होतं, मास्तर." आणि डोळ्यांत भाबडेपणा आणायचा प्रयत्न केला त्याने. इतकं अवजड सोंग मी पाहिलेलं नाही.

३ ऑक्टोबर

पक्षाला कळवलं, पुढच्या वर्षी उभा राहणार नाही. कारण विचारलं. लिहिलं — बाग. खरं कारण असं, की त्या बायबलवर पाचव्यांदा हात ठेवायचा तर आधीच्या चार वेळा आठवतील. खोटं बोलून जे मिळालं ते मी ठेवलेलं नाही. पण बोललो तर आहेच.

कारकिर्दीचा हिशोब साधा आहे: एक टोपली, एक बाई मोकळी. खेद कशाचाच नाही. संध्याकाळी मात्र घर मोठं वाटतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थना संपल्यावर मी खेचर सोडत होतो. ती सगळं देवळाचं अंगण ओलांडून आली, नणंद मागे, आणि अंगणात आमचं अर्धं ब्रॉड क्रीक गाव उभं होतं तेव्हा नेहमीच्या आवाजात म्हणाली —

"मास्तर, त्या एकोणिसाव्या नियमाने तुम्ही मला विचारायचं नाही, असं मी ऐकते. ठीक आहे. पण तो नियम सदस्यांना आहे. मी सदस्य नाही; बाईला होताच येत नाही. आणि माझा हितसंबंध आहे. म्हणून मीच विचारते."

टोपी हातातून पडली. उचलायला वाकलो. वर येईपर्यंत धीर निघेना, म्हणून वाकल्या वाकल्याच म्हटलं — होय.